आबांची टेस्ट आधी

पत्र चोपडा तालुक्यातून आलंय. चार पानांचं आहे म्हणून मी कापून देते.

"आक्का, मी ३३ वर्षांची, एक मुलगा आहे ६ वर्षांचा. माझी फुई (आत्या) ४४ व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सरने गेली. आता तिच्या मुलीला ३८ व्या वर्षी तेच निघालं, तिची जीनची टेस्ट केली तर बीआरसीए-१ पॉझिटिव्ह. ती म्हणते तुम्ही बहिणींनीपण करून घ्या. आई म्हणते माझ्या माहेरी कोणालाच नाही, तुम्हाला कुठून येईल, आणि बापाकडून असले बायकांचे आजार येतात का कधी. आबा साठीचे झाले तरी रोज केळीच्या बागेत जातात, एक गोळी चालू नाही. धाकटीचं धुळ्याकडे जमत आलंय म्हणून आईने हा विषय घरात काढायचाच नाही असं सांगितलंय. पण जीन खराब म्हणजे नेमकं काय खराब? माझ्या अंगात आत्ताच कॅन्सर आहे का? मी टेस्ट करू का नको? रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी असते."

पोरी, आधी झोपेचं बघू. तुझ्या अंगात कॅन्सर आहे असं त्या रिपोर्टमध्ये कुठेही लिहिलेलं नाही, तो रिपोर्ट तुझा नाहीच, फुईच्या मुलीचा आहे. आणि तुझा रिपोर्ट उद्या तसाच आला तरी "पॉझिटिव्ह" म्हणजे आजार झाला असं नसतं. आपल्याकडे पॉझिटिव्ह शब्द ऐकला की लोकांना एड्स नाहीतर कोरोना आठवतो, मग ताट-वाटी वेगळी करायला निघतात. हे लागण होणारं काही नाही. जन्मापासून शरीरातल्या दुरुस्तीखात्यात एक माणूस कमी आहे, एवढंच ते सांगतं.

आता कुठली दुरुस्ती ते सांगते. मी डॉक्टर नाही, ज्युनिअर कॉलेजला ३० वर्षं बायो शिकवलंय, त्यामुळे थोडं लांबण लागेल, पण तू विचारलंयस "नेमकं काय खराब" आणि हा प्रश्न मला फार आवडला, कारण बहुतेक जण डायरेक्ट "किती दिवस" विचारतात.

तुमच्या केळीत ठिबक असणारच. उंदराने नाहीतर खारीने नळी कुरतडली की आबा काय करतात? घाईत असतील तर दोन्ही टोकं ओढून जॉइनर मारतात, पाणी सुरू होतं, पण मधला तुकडा गेला आणि त्यातलं एखादं ड्रीपर पण गेलं, म्हणजे एक झाड कोरडं. आणि निवांत असतील तर शेजारच्या ओळीची नळी बघून, दोन ड्रीपरमधलं अंतर मोजून तेवढाच तुकडा घालतात. पेशीतल्या डीएनएचं असंच आहे. पेशी एकाची दोन होताना तो मधूनमधून तुटतो, कधी दोन्ही धागे एकदम तुटतात, आणि हे सगळ्यांच्या शरीरात चालूच असतं, त्याला पाप-पुण्य काही लागत नाही. दोन्ही धागे तुटले की पेशीपुढे तेच दोन रस्ते असतात, ओढून चिकटवायचं किंवा डीएनएची जी दुसरी ताजी नक्कल बाजूला तयार असते ती बघून जसंच्या तसं भरायचं. हे बघून भरायचं काम बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जीन्सपासून बनणारी प्रोटीन्स करतात (जीन म्हणजे डीएनएचा असा तुकडा, ज्यात एखादं प्रोटीन कसं बनवायचं ते लिहिलेलं असतं). एक नंबरचं प्रोटीन तुटलेल्या जागी पोचून टोकं साफ करायला मदत करतं आणि बाकीच्यांना बोलावतं, मध्ये पीएएलबी-२ नावाचं प्रोटीन दोघांना जोडून धरतं, आणि दोन नंबरचं प्रोटीन आरएडी-५१ नावाचा कारागीर आणून त्या टोकांवर बसवतं, मग तो कारागीर नक्कल शोधतो. या साखळीतलं कोणीही गैरहजर असलं तर पेशीला ओढून चिकटवावं लागतं, आणि असं वर्षानुवर्षं झालं की कुठलं ना कुठलं महत्त्वाचं ड्रीपर जातं, म्हणजे पेशीची वाढ थांबवणारं एखादं जीनच जातं. कॅन्सर तिथून सुरू होतो. बीआरसीए स्वतः कॅन्सर करत नाही, उलट ते कॅन्सर होऊ नये म्हणून आहे, लोक "कॅन्सरचं जीन" म्हणतात ते साफ उलटं आहे.

मग ते बिघडतं कसं. फुईच्या मुलीच्या रिपोर्टचा जो तुकडा तू पत्रात उतरवलायस, त्यात डेल एजी असं दिसतंय, आकडे ६८ आणि ६९. जुन्या कागदांत यालाच १८५ डेल एजी म्हणतात. हा बदल जगात सगळ्यात जास्त ओळखला जातो तो अश्केनाझी ज्यू लोकांत, पण भारतातल्या घरांतही सापडलेला आहे, म्हणून आपल्यात कुठून आलं याच्यावर घरात संशोधन करू नका, त्यातून फक्त भांडणं निघतात.

डेल म्हणजे डिलीट, अक्षरं गळलेली. डीएनएची अक्षरं पेशी तीन-तीनच्या गटाने वाचते, आणि एका गटामागे प्रोटीनच्या माळेत एक मणी, म्हणजे एक अमिनो आम्ल, ओवते. आपण मराठीत तीन-तीन अक्षरांचं वाक्य घेऊ, मी वर्गात हेच द्यायचे: नयन गरम वरण ओरप. यातली "गर" ही दोनच अक्षरं काढ आणि परत तीन-तीनने वाच. नयन मवर णओर प. पहिला शब्द ठीक, पुढे सगळा गोंधळ. डेल एजीमध्ये अगदी हेच होतं, २ अक्षरं गळतात, पुढचे सगळे गट सरकतात आणि थोड्याच अंतरावर चुकून "थांबा" असा अर्थ होणारा गट तयार होतो. बीआरसीए-१ चं अख्खं प्रोटीन १८६३ अमिनो आम्लांचं असतं, इथे वाचन ३९ व्या गटावरच थांबतं. १८६३ पैकी ३८. याला अर्धवट प्रोटीनही म्हणता येणार नाही, हा घराच्या पायाचा एक दगड झाला.

सगळे बदल एवढे धडधडीत नसतात. कधी एकच अक्षर बदलतं. "गरम वरण" चं "नरम वरण" झालं तर जेवणारा जेवून उठतो. पण वरणातला व जाऊन म झाला तर? तेच प्रोटीनमध्ये. बीआरसीए-१ मध्ये ६१ व्या जागी सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल असतं, तिथे ग्लायसीन हे दुसरंच आलं की जस्ताचा अणू नीट धरला जात नाही, प्रोटीनचं ते टोक विस्कटतं आणि बीएआरडी-१ या जोडीदाराशी हातमिळवणी होत नाही. एका अमिनो आम्लामुळे अख्खं प्रोटीन निकामी. आणि दुसरीकडे कितीतरी बदल असे असतात की काहीच फरक पडत नाही. मधले जे असतात, ज्यांच्याबद्दल अजून पुरावा जमलेला नाही, त्यांना रिपोर्टमध्ये व्हीयूएस लिहितात. कधी पुढे-मागे तुमच्या घरात कोणाच्या रिपोर्टमध्ये व्हीयूएस दिसलं तर त्याच्यावर कोणी ऑपरेशन करून घेऊ नका, हे मी ठळक सांगते, कारण माझ्या जावेच्या वेळी एका लॅबने पाकीट हातात दिलं आणि काहीच समजावलं नाही, आणि आमच्याकडचे सगळे शहाणे आठवडाभर व्हीयूएसलाच पॉझिटिव्ह समजून रडत बसले होते. त्यात मीपण होते. बायो शिकवणारी.

आता तुझ्या आईचा मुद्दा. वहिनींना माझा नमस्कार सांग, पण त्या इथे चुकतायत.

क्रोमोझोम म्हणजे डीएनएच्या गुंडाळ्या. बीआरसीए-१ आहे १७ नंबरच्या क्रोमोझोमवर, दोन नंबरचं १३ वर. ही काही बायकांची वेगळी क्रोमोझोम नाहीत, बाई-बाप्या सगळ्यांत जोडी-जोडीने असतात, एक आईकडून एक बापाकडून. टिश्यू कल्चरचं केळीचं रोप म्हणजे मूळ झाडाची झेरॉक्स, माणसाचं तसं नसतं, निम्मं इकडचं निम्मं तिकडचं, आणि कुठलं निम्मं येईल ते नाणं उडवल्यासारखं. आबांच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असली तर तुला ती येण्याचा चान्स ५० टक्के, धाकटीलाही ५० टक्के, आणि एकीला आली म्हणजे दुसरीला येणार नाही असंही नाही, प्रत्येकीसाठी नाणं नव्याने उडतं.

"मग आबा ठणठणीत कसे?" हा तुझा खरा प्रश्न आहे बघ. जीनच्या दोन प्रती म्हणजे विहिरीवरच्या दोन मोटारी समज. एक जन्मापासून जळालेली. दुसरी चालू आहे तोवर बागेला पाणी कमी पडत नाही, कोणाला पत्ताही लागत नाही. ज्या पेशीत काही कारणाने दुसरी मोटारपण जळते तिथे दुरुस्ती बंद पडते. हा दोन धक्क्यांचा विचार आल्फ्रेड नडसन या शास्त्रज्ञांनी १९७१ साली लहान मुलांच्या डोळ्याच्या एका कॅन्सरवरून मांडला होता, तो पुढे इथेही लागू पडला. बाईच्या स्तनातल्या आणि बीजकोशाकडच्या (ओव्हरीच्या) पेशी दर महिन्याच्या पाळीच्या हार्मोनांनी ढवळल्या जातात, वाढतात, दुप्पट होतात, म्हणून दुसरा धक्का बसायला तिथे जागा जास्त. पुरुषाच्या छातीत तेवढं काम चालतच नाही. पुरुषांना स्तनाचा कॅन्सर होतो, दोन नंबरच्या जीनमध्ये बिघाड असेल तर जास्त होतो, प्रोस्टेटचा धोकाही त्यात वाढतो, पण एक नंबरवाले कितीतरी बाप काहीही न होता म्हातारे होतात आणि पुढच्या पिढीत प्रत मात्र देऊन जातात. तुमच्या घरात हे फुईमुळे कळलं. फुई नसती, आबांना सगळे भाऊच असते, तर कदाचित तुझ्या पिढीपर्यंत कळलंच नसतं.

धोक्याचे आकडे तू गुगलवर बघितलेच असशील म्हणून टाळत नाही. २०१७ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात बीआरसीए-१ बिघडलेल्या बायकांना वयाच्या ८० पर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण ७२ टक्के आणि बीजकोशाचा ४४ टक्के निघालं, दोन नंबरवाल्यांना ६९ आणि १७. अमेरिकेतल्या सर्वसाधारण बाईला स्तनाचा कॅन्सर आयुष्यात होण्याचं प्रमाण साधारण १२-१३ टक्के धरतात. या अभ्यासातल्या बायका बहुतेक पाश्चात्त्य देशांतल्या होत्या, त्यामुळे आकडा आपल्याला दशांशापर्यंत लावत बसू नकोस, पण दिशा तीच आहे. दोन गोष्टी त्या ७२ मध्ये दिसत नाहीत. एक म्हणजे ते "८० वर्षांपर्यंत" आहे, उद्या सकाळी नाही. दुसरी तुझ्या बाजूची नाही, एक नंबरमध्ये धोका तिशीतच वर चढायला लागतो आणि गाठ बऱ्याचदा ट्रिपल निगेटिव्ह जातीची (जिच्यात नेहमी तपासतात त्या तिन्ही खुणा सापडत नाहीत अशी) असते, ती भराभर वाढते. म्हणून "मुलगा मोठा होऊ दे, मग बघू" हे मी तुला बोलू देणार नाही.

टेस्ट करू का नको याचं माझं उत्तर, आणि यासाठीच एवढं लांबण लावलं: करायची, पण पहिली तुझी नाही, आबांची.

हिशोब बघ. फुईला आजार, तिच्या मुलीत बदल सापडला, म्हणजे तो फुईकडूनच आला असणार असं धरायला हरकत नाही (फुवांकडून, म्हणजे फुईच्या नवऱ्याकडून, आला असंही होऊ शकतं, म्हणून फुवा तयार असतील तर त्यांचीही बघता येते). फुईला होता तर तिच्या सख्ख्या भावाला, म्हणजे आबांना, असण्याचा चान्स ५० टक्के, आणि मग तुला २५ टक्के. म्हणजे आज, काहीही न करता, चारात तीन वेळा तू सुटलेली आहेस. आबांची टेस्ट निगेटिव्ह आली तर तू, धाकटी, तुझा मुलगा, धाकटीची पुढची पोरं, सगळ्यांचा हा विषय एका रक्ताच्या बाटलीत संपला. तुम्हाला मग धोका उरतो तो चारचौघींइतका, तो असतोच, कारण स्तनाच्या १०० कॅन्सरमध्ये वारशाने आलेले ५ ते १०च असतात, बाकीचे असेच होतात, गाठ लागली तर दाखवायचीच. आबांची पॉझिटिव्ह आली तर मग तुम्ही दोघी. आबा अजिबातच नाही म्हणाले तर सरळ तुझी कर, त्यांच्यासाठी अडून बसू नकोस.

आणि सगळी जीन्स तपासायचं महागडं पॅनल तुम्हाला लागत नाही. काय शोधायचं ते माहीत आहे, तेवढीच एक जागा बघायची असते, ते कितीतरी स्वस्त पडतं. लॅबवाला मोठं पॅकेज गळ्यात मारायला लागला तर हे वाक्य वापर. हां, तुझ्या आईच्या माहेरी पण कोणाला कमी वयात काही झालेलं असेल तर गोष्ट वेगळी, ते जेनेटिक काउन्सेलरला (वारशाने येणाऱ्या आजारांबद्दल समजावून सांगणाऱ्याला) सांग. जळगावला कोणी जेनेटिक काउन्सेलिंग करणारं भेटलं तर उत्तम, नाहीतर मुंबईत टाटा मेमोरियलला आणि त्यांच्याच खारघरच्या ॲक्ट्रेक या केंद्राला कॅन्सर जेनेटिक्सची ओपीडी आहे. आपल्याकडून रात्रीची गाडी पकडली की पहाटे दादर, तिथून परळ जवळच. फुईची मुलगी तिकडे दाखवत असेल तर तिच्याच पुढच्या तारखेला आबांना घेऊन जा, एका खेपेत होईल.

समजा तुझी पॉझिटिव्ह आली. तर लगेच काही कापायचं नसतं. २५ पासून दरवर्षी छातीचा एमआरआय आणि तिशीनंतर त्याला मॅमोग्राफीची जोड, अशी पद्धत आहे, म्हणजे तुझं दोन्ही लगेच सुरू होईल. बीजकोश आणि नळ्या काढून टाकायचा सल्ला एक नंबरवालीला मूल-बाळ झाल्यावर ३५ ते ४० च्या दरम्यान देतात, कारण बीजकोशाचा कॅन्सर लवकर पकडायला भरवशाची तपासणीच नाही. त्याने पाळी एकदम जाते, हाडं, झोप, चिडचिड, सगळं आलं, म्हणून डॉक्टरशी आणि नवऱ्याशी सावकाश बोलून ठरवायचं. स्तन आधीच काढून घेतले तर तिथला धोका ९० टक्क्यांच्या आसपास कमी होतो, २०१३ ला अँजेलिना जोलीने केलं तेच, पण ते ज्याचं त्याने ठरवायचं, नुसतं तपासत राहणं हाही एक धड मार्ग आहे. दुसरं मूल हवं असेल तर ते मनात असलेलं काउन्सेलरला पहिल्याच भेटीत सांग.

फुईच्या मुलीसाठी एक निरोप. तिला तिच्या डॉक्टरला विचारायला सांग की पार्प इनहिबिटर तिला लागू होतं का. ओलापारिब वगैरे गोळ्या, २०१४ ला पहिली आली. त्याची गंमत (गंमत म्हणू नये, पण मास्तरणीची सवय) अशी की तिच्या कॅन्सरच्या पेशीत दोन्ही मोटारी जळालेल्या असतात, ती पेशी दुसऱ्याच एका साध्या दुरुस्तीवर तग धरून असते, ही गोळी ती दुसरी दुरुस्तीपण बंद करते आणि पेशी मरते. तिच्या बाकीच्या शरीरात एक मोटार चालू असल्यामुळे त्या पेशी निभावून नेतात. ज्या बिघाडाने आजार आला त्याच बिघाडावर औषध बेतलंय. सगळ्यांना लागू पडत नाही, पण विचारायला पाहिजे.

राहिलं धाकटीचं लग्न. आईला मी नावं ठेवणार नाही, स्थळ जमवताना काय काय ऐकून घ्यावं लागतं ते मला माहीत आहे. पण लपवायला आज तुमच्याकडे काही आहेच कुठे? टेस्ट झाली नाही, कोणाला काही निघालेलं नाही, मग धुळ्याला सांगणार तरी काय, आणि ते सांगायचं काम तुझं तर नाहीच. धाकटी २४ ची आहे म्हणतेस, तिला घरात सगळं सांगायचं, तिच्यापासून लपवणं मला मान्य नाही, शरीर तिचं आहे. आबांचा रिपोर्ट आला आणि निगेटिव्ह निघाला तर विषयच गेला. पॉझिटिव्ह निघाला तर तिने स्वतःची करायची का आणि कधी ते ती ठरवेल, आणि तिची पॉझिटिव्ह आली तर लग्नाआधी तिने त्या मुलाला एकट्याला सांगावं, बैठकीत पंधरा माणसांसमोर सुपारीबरोबर नाही. ऐकून तो पळाला तर तुम्ही सुटलात असं मी म्हणेन, पण मला माहितेय तुझ्या आईला ते पटायला वेळ लागेल.

काकांनाही हे कळायला हवं. तुला दोन काका आहेत असं लिहिलंयस, त्यांना मुली असतील तर त्यांचाही हिशोब असाच.

आता आबांशी बोलायचं कसं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जाशीलच. आंब्याचा रस, खापरावरची पुरणपोळी सगळं होऊ दे, झोके होऊ दे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याबरोबर बागेत जा, स्वयंपाकघरात हा विषय काढू नकोस. "आबा तुमच्यामुळे" असं वाक्य तोंडातून येऊ देऊ नकोस, त्यांना ते त्यांच्याही बापाकडून नाहीतर मायकडून आलेलं असणार. ठिबकचं उदाहरण वाटल्यास वापर, मोटारीचंपण. जाताना फुईच्या मुलीच्या रिपोर्टची सगळी पानं झेरॉक्स करून ने, नुसतं पहिलं पान नको, डेल एजी ज्या पानावर आहे ते लागतं, लॅबला तीच जागा शोधायची असते. फुईच्या वेळचा बायोप्सीचा कागद फुवांच्या पेटीत असेल तर तोही घे. आणि आबांना एवढंच विचार की दोन्ही पोरींसाठी एकदा दंडातून रक्त द्याल का.